पैसे भरून घेतलेले ट्रेडिंग सिग्नल: नवख्याला परवडतात का?

टेलिग्राम, इन्स्टाग्राम किंवा यूट्यूब उघडलं की एखादा 'प्रीमियम ग्रुप' हमखास समोर येतो. महिन्याला हजार-दोन हजार रुपये भरा, रोज सकाळी दोन 'शुअर शॉट कॉल' घ्या आणि घरबसल्या कमवा, असा एकूण मामला असतो. या जाहिराती आता फक्त मुंबई-पुण्यापुरत्या राहिलेल्या नाहीत. जुन्नर तालुक्यातल्या येडगावात धरणाच्या कडेला बसलेल्या पोराच्या मोबाईलवरही त्या तितक्याच येतात. डीमॅट खातं आधार आणि पॅनवर घरी बसून उघडतं, पैसे यूपीआयने जातात. त्यामुळे टोमॅटोची पट्टी हातात आल्यापासून पहिला ऑप्शन विकत घेईपर्यंत फारसा वेळ लागत नाही.

मग हे सिग्नल घ्यावेत का? थोडक्यात उत्तर असं: भांडवल लहान असेल आणि ट्रेडिंग नवीन असेल, तर बहुतेकांना ते परवडत नाहीत. सिग्नल देणारा प्रामाणिक असला तरी गणित जुळत नाही आणि तो अप्रामाणिक असेल तर प्रश्नच मिटला. हे असं का, सिग्नल घ्यायचेच असतील तर काय तपासायचं आणि फसवणूक झाली तर कुठे जायचं, ते पाहू.

सिग्नल म्हणजे नेमकं काय?

सिग्नल, कॉल किंवा टिप म्हणजे एक तयार सूचना. त्यात साधारण चार गोष्टी असतात. काय घ्यायचं किंवा विकायचं, कोणत्या भावाला, नफा कुठे काढायचा (टार्गेट) आणि तोटा कुठे थांबवायचा (स्टॉपलॉस). उदाहरणार्थ, "अमुक ऑप्शन १०० ला घ्या, टार्गेट ११५, स्टॉपलॉस ९०."

काही सिग्नल शेअर काही महिने ठेवण्यासाठी असतात, तर काही त्याच दिवशी घेऊन विकण्यासाठी, म्हणजे इंट्राडे. सोशल मीडियावर सर्वाधिक विकले जातात ते फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे एफ अँड ओचे. कारण सोपं आहे. तिथे थोड्या पैशात मोठा सौदा करता येतो, नफ्याचे स्क्रीनशॉट डोळे दिपवणारे निघतात आणि रोज नवा कॉल देता येतो.

आधी मैदान बघा: सेबीचे आकडे

सिग्नल चांगला की वाईट हे ठरवण्याआधी ज्या खेळात उतरायचं त्यात बाकीच्यांचं काय होतं ते बघायला हवं. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने यावर एकापाठोपाठ एक अहवाल दिले आहेत.

• सप्टेंबर २०२४ च्या अहवालानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते. खर्च धरून माणशी सरासरी तोटा सुमारे २ लाख रुपये होता.
• या तीन वर्षांतला एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांच्या वर गेला.
• खर्च वजा करून १ लाखापेक्षा जास्त नफा कमावणारे फक्त १ टक्का निघाले.
• तोटा झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी त्यानंतरही ट्रेडिंग सुरूच ठेवलं.
• चारपैकी तीन ट्रेडरनी आपलं वार्षिक उत्पन्न ५ लाखांपेक्षा कमी असल्याचं नोंदवलं होतं.
• ट्रेडरमध्ये तिशीच्या आतल्यांचं प्रमाण २०२२-२३ मध्ये ३१ टक्के होतं, ते २०२३-२४ मध्ये ४३ टक्के झालं.
• जुलै २०२५ च्या अहवालात २०२४-२५ सालीही ९१ टक्के लोक तोट्यातच दिसले. त्या एका वर्षाचा निव्वळ तोटा होता १ लाख ५ हजार ६०३ कोटी रुपये.

इंट्राडेचं चित्र थोडं बरं, पण फार नाही. २०२२-२३ मध्ये शेअर्समध्ये इंट्राडे करणाऱ्या दर दहापैकी सात जणांनी पैसे गमावले, असं सेबीने जुलै २०२४ मध्ये सांगितलं.

हे काही भारतापुरतं नाही. ब्राझीलमध्ये फ्युचर्सच्या डे ट्रेडरवर अभ्यास झाला. ३०० दिवसांहून अधिक ट्रेडिंग केलेल्यांपैकी ९७ टक्के लोक तोट्यात गेल्याचं त्यात आढळलं. किमान वेतनापेक्षा जास्त कमावणारे १.१ टक्के होते.

या आकड्यांमध्ये सिग्नल घेणारेही आहेत आणि न घेणारेही. पण एक गोष्ट उघड आहे. महिना हजार रुपयांत खात्रीचा नफा मिळत असता, तर इतक्या मोठ्या जनसमूहाचा निकाल वर्षानुवर्षे असा लागला नसता.

फीचं गणित: ५० हजारांच्या भांडवलाचं काय होतं?

समजा, येडगावातला एक तरुण ५० हजार रुपये घेऊन ऑप्शन्समध्ये उतरतो आणि महिना २,५०० रुपयांचा सिग्नल ग्रुप घेतो.

फी: २,५०० गुणिले १२, म्हणजे वर्षाला ३०,००० रुपये. भांडवलाच्या ६० टक्के रक्कम फीतच गेली.

सौद्यांचा खर्च: डिस्काउंट ब्रोकर साधारण एका ऑर्डरला २० रुपये घेतो. घेणं आणि विकणं मिळून ४० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. शिवाय एसटीटी, एक्स्चेंजचं शुल्क आणि मुद्रांक शुल्क. साडेसात हजारांच्या आसपास प्रीमियम असलेला एक सौदा घेऊन विकला की सगळं मिळून ६० रुपयांच्या घरात जातं. ग्रुपवर रोज दोन कॉल येतात आणि महिन्याला २० दिवस बाजार चालतो असं धरलं, तर ४० सौदे होतात. म्हणजे महिन्याला २,४०० आणि वर्षाला २८,८०० रुपये.

दोन्ही मिळून ५८,८०० रुपये. भांडवल होतं ५०,०००.

म्हणजे या तरुणाला वर्षाअखेर फक्त मुद्दल शाबूत ठेवायचं असेल, तरी सौद्यांतून जवळजवळ ११८ टक्के कमवावे लागतील. बँकेच्या मुदत ठेवीवर वर्षाला ६-७ टक्के सुटतात, हे शेजारी ठेवून बघा. सिग्नल देणारा साधुसंत असला तरी हा डोंगर तसाच राहतो.

उलट बाजूने हिशोब केला तर एक सोपी कसोटी मिळते. वर्षाची फी भांडवलाच्या १ ते २ टक्क्यांच्या पुढे जाऊ नये. ३०,००० रुपयांची फी या कसोटीला उतरायची तर भांडवल १५ ते ३० लाख हवं. एवढी रक्कम ज्याच्याकडे आहे, त्याने ती एखाद्या टेलिग्राम चॅनलच्या भरवशावर लावण्याचं कारण नाही. आणि ज्याच्याकडे ती नाही, त्याला फी झेपत नाही. नवखा माणूस बहुतेक वेळा या दुसऱ्या गटात असतो.

'९० टक्के अचूकता' खरी असली तरी तोटा कसा होतो?

जाहिरातीत सगळ्यात मोठ्या अक्षरात असते ती अचूकता. पण दहापैकी किती कॉल बरोबर आले यापेक्षा बरोबर आल्यावर किती मिळालं आणि चुकल्यावर किती गेलं, हे महत्त्वाचं असतं.

दहापैकी नऊ कॉलमध्ये ५०० रुपयांप्रमाणे नफा झाला, तर ४,५०० मिळाले. दहाव्या कॉलमध्ये स्टॉपलॉस न लावता बसून राहिलं आणि ६,००० गेले. अचूकता ९० टक्के आणि खिशातून १,५०० गायब.

याच्या उलट, दहापैकी चारच कॉल बरोबर आले, पण प्रत्येकी २,००० मिळाले आणि चुकलेल्या सहांत प्रत्येकी १,००० गेले, तर ८,००० वजा ६,००० म्हणजे २,००० रुपये हातात राहतात. अचूकता मात्र फक्त ४० टक्के!

त्यामुळे सरासरी नफा आणि सरासरी तोटा न सांगता नुसती टक्केवारी सांगणाऱ्या जाहिरातीला काही अर्थ नसतो.

मेसेज येईपर्यंत भाव पळालेला असतो

आता वरचाच सिग्नल घेऊ: १०० ला घ्या, टार्गेट ११५, स्टॉपलॉस ९०. इथे धोका १० रुपयांचा आणि नफा १५ चा. १०० पैकी ४० वेळा बरोबर आलं तरी ना नफा ना तोटा.

पण मेसेज हजारो लोकांना एकदम जातो. सगळे एकाच वेळी 'बाय' दाबतात. कामात असलेल्या माणसाने मोबाईल बघून ऑर्डर टाकेपर्यंत भाव १०६ झालेला असतो. आता टार्गेटपर्यंत उरले ९ रुपये आणि स्टॉपलॉसपर्यंत १६. तोच सिग्नल, तीच दिशा, पण आता मुद्दल राखायलाच १०० पैकी ६४ वेळा बरोबर यावं लागतं.

चॅनलवर मात्र संध्याकाळी "१०० ते ११५, १५ पॉइंट्स डन" असं झळकतं. ते खोटंही नसतं. ते मिळतं कोणाला, एवढाच प्रश्न असतो. ज्यांचा दिवस शेतात, कंपनीत किंवा वर्गात जातो, त्यांना इंट्राडे सिग्नलचा भाव हाती लागणं अवघडच असतं.

स्क्रीनशॉट खरे असतात, पण निवडून दाखवलेले

ही गोष्ट जुन्नरकरांना वेगळी समजावून सांगायला नको. जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या २० किलोच्या क्रेटला २,००० रुपयांच्या वर भाव गेला. जुन्नर तालुक्यातले टोमॅटो उत्पादक 'करोडपती' झाल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. त्या बातम्या खऱ्या होत्या. पण ज्यांचा माल महिनाभर आधी निघून मातीमोल गेला होता, त्यांच्या मुलाखती कोणी घेतल्या नाहीत. आणि तो भाव बघून ज्यांनी लागवड केली, त्यांचा माल बाजारात येईपर्यंत, सप्टेंबरमध्ये, भाव कोसळले होते.

प्रीमियम ग्रुपचे स्क्रीनशॉट असेच असतात. नफा झालेला सदस्य फोटो टाकतो, तोटा झालेला गपगुमान ग्रुप सोडतो. चुकलेले कॉल डिलीट होतात. शिवाय नफ्या-तोट्याचे खोटे आकडे दाखवणारी ॲप्सही मिळतात, त्यामुळे स्क्रीनशॉट हा पुरावा धरता येत नाही.

एक जुनी युक्तीही माहीत असायला हवी. समजा, एखाद्याकडे ८,००० नंबर आहेत. तो निम्म्यांना सांगतो 'उद्या बाजार वर', निम्म्यांना सांगतो 'उद्या बाजार खाली'. ज्यांच्याबाबत खरं ठरलं त्या ४,००० लोकांना दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच विभागून पाठवतो. पाच दिवसांनी २५० लोक उरतात. त्यांनी लागोपाठ पाच अचूक अंदाज पाहिलेले असतात. ते डोळे मिटून फी भरतात. सांगणाऱ्याला मात्र बाजारातलं काहीही कळत नसतं.

विकणाऱ्याला पैसा कुठून मिळतो?

बाजारात भाव चढो की पडो, आडत्याची आडत ठरलेली असते. सिग्नल विकणाऱ्याचंही तसंच. त्याच्या कमाईचे मार्ग साधारण असे:

१. फी. तुम्हाला नफा झाला की तोटा, याच्याशी तिचा संबंध नाही.

२. ब्रोकरचं कमिशन. "आमच्या लिंकवरून खातं उघडा, प्रीमियम ग्रुप फुकट" असं सांगितलं जातं तेव्हा तुमच्या ब्रोकरेजमधला वाटा त्याला मिळत असण्याची शक्यता असते. तुम्ही जितके जास्त सौदे कराल, तितकी त्याची कमाई. रोज सहा-सहा कॉल का येतात, याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं.

३. कोर्स आणि वर्कशॉप. स्वस्त ग्रुप हे आमिष असतं, खरी विक्री पुढे हजारो-लाखोंच्या 'मास्टरक्लास'ची असते.

४. स्वतःचा माल खपवणं. ज्या शेअरमध्ये उलाढाल कमी असते तो आधी स्वतः घ्यायचा, मग ग्रुपवर कॉल द्यायचा आणि सदस्यांनी भाव चढवला की त्यांनाच विकून मोकळं व्हायचं. जानेवारी २०२२ मध्ये सेबीने 'बुलरन२०१७' नावाच्या टेलिग्राम चॅनलच्या प्रकरणात सहा जणांवर बंदी घातली, ती याच स्वरूपाच्या आरोपांवरून.

सेबीच्या आदेशांत काय दिसतं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने 'बाप ऑफ चार्ट' या नावाने प्रसिद्ध असलेल्या मोहम्मद नसिरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्ध अंतरिम आदेश काढला. शिक्षणाच्या नावाखाली नोंदणी न करता शेअर घेण्या-विकण्याचे सल्ले दिले आणि लोकांना त्यात ओढलं, असं आदेशात म्हटलं होतं. गोळा झालेले १७.२ कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवायला सांगण्यात आलं. याच आदेशातली एक नोंद नवख्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. जानेवारी २०२१ ते जुलै २०२३ या काळात त्यांचा स्वतःचा ट्रेडिंगमधला निव्वळ तोटा २.८९ कोटी रुपये होता, समोर मात्र नफाच मांडला जात होता.

फेब्रुवारी २०२५ मध्ये अस्मिता पटेल आणि त्यांच्या ट्रेडिंग स्कूलविरुद्ध असाच अंतरिम आदेश निघाला. त्यात सुमारे ५३.६७ कोटी रुपये जप्त करण्याचे निर्देश होते.

डिसेंबर २०२५ मध्ये पाळी आली मराठी प्रेक्षकांच्या ओळखीच्या अवधूत साठे आणि त्यांच्या ट्रेडिंग अकॅडमीची. रायगड जिल्ह्यातल्या कर्जतमध्ये या अकॅडमीचं केंद्र आहे. प्रशिक्षणाच्या आडून चालू बाजारात खरेदी-विक्रीचे सल्ले दिल्याचं प्रथमदर्शनी दिसतं, असं म्हणत सेबीने सुमारे ५४६ कोटी रुपये जप्त करण्याचा आदेश दिला. हेही आदेश अंतरिम स्वरूपाचे आहेत, म्हणजे तो शेवटचा निकाल नव्हे आणि संबंधितांना बाजू मांडण्याचा अधिकार असतो.

तरी या प्रकरणांतून एक समान धागा दिसतो. फी कोर्सची घेतली जाते आणि विकला जातो तो सल्ला.

कायदा काय म्हणतो?

पैसे घेऊन शेअर खरेदी-विक्रीचा सल्ला द्यायचा तर सेबीकडे नोंदणी लागते. त्यासाठी दोन नियमावल्या आहेत. गुंतवणूक सल्लागारांसाठी २०१३ ची आणि रिसर्च ॲनालिस्टसाठी २०१४ ची. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक 'आयएनए' या अक्षरांनी सुरू होतो, तर रिसर्च ॲनालिस्टचा 'आयएनएच'ने. सिग्नल देणारे प्रामुख्याने दुसऱ्या प्रकारात मोडतात.

नोंदणी असलेल्या रिसर्च ॲनालिस्टवर बरीच बंधनं असतात:

• परताव्याची हमी देता येत नाही.
• ग्राहकाच्या नफ्यात वाटा मागता येत नाही आणि त्याचं खातंही चालवता येत नाही.
• प्रत्येक शिफारशीमागचं कारण नोंदवून ठेवावं लागतं.
• एका कुटुंबाकडून वर्षाला जास्तीत जास्त १,५१,००० रुपये फी घेता येते.
• ग्राहकाने मध्येच सेवा बंद केली, तर उरलेल्या काळाची फी परत करावी लागते.
• किती तक्रारी आल्या आणि किती सुटल्या, हे जाहीर करावं लागतं.

"मी फक्त शिकवतो" म्हणणाऱ्यांसाठीही सेबीने जानेवारी २०२५ मध्ये रेषा आखली. नोंदणी नसलेल्या शिक्षकाने तीन महिन्यांच्या आतले भाव वापरून शेअरबद्दल बोलू नये, असं तेव्हा सांगण्यात आलं. त्यामुळे "एज्युकेशनल पर्पज ओन्ली" अशी ओळ लिहून आजचे कॉल दिले, तर ते शिक्षण ठरत नाही.

एक गोष्ट मात्र विसरू नये. नोंदणी म्हणजे नफ्याची हमी नव्हे. नोंदणीमुळे एवढंच होतं की माणूस खरा कोण आहे ते कळतं आणि तक्रार करायला जागा राहते.

नोंदणी कशी तपासायची?

१. ग्रुपच्या माहितीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. नसेल तर तिथेच थांबा.

२. सेबीच्या वेबसाइटवर मान्यताप्राप्त मध्यस्थांची यादी असते. त्यात रिसर्च ॲनालिस्टच्या यादीत नाव आणि क्रमांक दोन्ही शोधा.

३. यादीतला फोन आणि ईमेल ग्रुपवरच्या फोन-ईमेलशी जुळवा. दुसऱ्याचा खरा क्रमांक चोरून वापरणारे कमी नाहीत. शंका असेल तर यादीतल्या नंबरवर स्वतः फोन करून "हा ग्रुप तुमचाच का?" असं विचारा.

४. पैसे वैयक्तिक यूपीआयवर किंवा भलत्याच नावाच्या खात्यावर पाठवू नका. ऑक्टोबर २०२५ पासून सेबीने नोंदणीकृत संस्थांसाठी खास यूपीआय पत्ते आणले आहेत. त्यात 'व्हॅलिड' हा शब्द असतो आणि पैसे पाठवताना हिरव्या त्रिकोणात अंगठ्याची खूण दिसते. 'सेबी चेक' या सुविधेत तो पत्ता पडताळूनही पाहता येतो.

५. केवायसी आणि लेखी अटी न घेता थेट "स्क्रीनशॉट पाठवा, ग्रुपमध्ये घेतो" असं म्हटलं, तर नियम पाळले जात नाहीत असं समजा.

घ्यायचेच असतील तर आधी तीन महिने वही

नोंदणी खरी निघाली तरी लगेच पैसे लावायचं कारण नाही. पेरणीआधी माती तपासतात, तसंच हे. फुकट चॅनल असेल तर त्यावर, नाहीतर फार तर एक महिन्याची फी भरून, तीन महिने फक्त वहीत सौदे लिहायचे. खरी ऑर्डर टाकायची नाही. वहीत असे रकाने असावेत:

• मेसेज तुम्ही प्रत्यक्ष पाहिला ती वेळ
• त्या क्षणी बाजारात मिळणारा भाव (मेसेजमधला नव्हे)
• टार्गेट आणि स्टॉपलॉस
• शेवटी काय झालं
• ब्रोकरेज, कर आणि शुल्क वजा करून उरलेला नफा किंवा तोटा
• नंतर मेसेज बदलला किंवा डिलीट झाला का

तीन महिन्यांनी सगळ्यांची बेरीज करा आणि त्यातून तीन महिन्यांची फी वजा करा. उत्तर उणे आलं, तर निर्णय आपोआप झाला. अधिक आलं, तरी लगेच हुरळून जाऊ नका. तीन महिने बाजार सलग वर चालला असेल, तर कोणाचेही कॉल बरोबर येतात. त्याच काळात निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात काही न करता किती मिळालं असतं, त्याच्याशी तुलना करा.

सल्लागारांनी सांगितलेल्या जुन्या कामगिरीची पडताळणी करण्यासाठी 'पॅर्व्हा' नावाची यंत्रणाही सेबीने डिसेंबर २०२५ मध्ये प्रायोगिक पातळीवर सुरू केली आहे. कामगिरीचा दावा करणाऱ्याला "हे आकडे पडताळलेले आहेत का?" असं विचारायला हरकत नाही.

कोणी घेऊ नयेत आणि कोणाला उपयोग होऊ शकतो?

पुढीलपैकी एक जरी गोष्ट लागू असेल, तर सिग्नल घेऊ नयेत:

• पैसा उसना, सोनं गहाण ठेवून आणलेला किंवा कर्जाचा आहे.
• पीककर्जाचा पैसा आहे. ३ लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं, तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येतं. तो पैसा बाजारात अडकून कर्ज थकलं, तर ही सवलतही जाते.
• घरात सहा महिन्यांचा खर्च भागेल एवढी शिल्लक नाही.
• स्टॉपलॉस म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येत नाही.
• झालेला तोटा भरून काढण्यासाठी सिग्नल हवे आहेत.

मग उपयोग कोणाला? ज्याचं भांडवल मोठं आहे, जो शेअर काही महिने-वर्षं ठेवणार आहे आणि कंपनीचा अभ्यास करायला ज्याला वेळ कमी पडतो, अशा माणसाला नोंदणीकृत ॲनालिस्टचा कारणांसह दिलेला अहवाल उपयोगी पडू शकतो. तिथे तो अहवाल वाचतो, पटला तर घेतो आणि चार तास उशीर झाला तरी बिघडत नाही. नवख्यालाही अशा अहवालातून विचार कसा करायचा ते शिकता येतं. नुसत्या 'बाय-सेल'च्या मेसेजमधून शिकायला काहीच मिळत नाही, कारण त्यात 'का' हेच नसतं. वर्षभर सिग्नल घेतलेला माणूस ग्रुप बंद झाला की पुन्हा पहिल्याच पायरीवर असतो.

फसवणूक झाली तर?

सिग्नल ग्रुपची पुढची पायरी बऱ्याचदा बनावट ॲपची असते. "तुमचं खातं आम्ही चालवतो", "संस्थात्मक कोट्यातून स्वस्तात शेअर देतो" असं सांगून वेगळं ॲप घ्यायला लावतात. त्यात नफा वाढत जाताना दिसतो, पैसे काढायला गेलं की "आधी टॅक्स भरा" असं उत्तर येतं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव तालुक्याने तर २०२४ मध्ये याचाच दुसरा अवतार पाहिला. शेअर बाजारात लावतो, दरमहा मोठा परतावा देतो, असं म्हणणाऱ्यांकडे गावोगावच्या लोकांनी पैसे दिले आणि घेणारे पसार झाले.

असं काही घडलं तर लाजून गप्प बसू नका. लगेच हे करा:

१. १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे खात्यातच गोठवले जाण्याची शक्यता जास्त.

२. बँकेला कळवा.

३. चॅट, पावत्या, यूपीआय व्यवहार क्रमांक आणि ग्रुपचं नाव यांचे फोटो काढून ठेवा. ग्रुप सोडण्याआधी हे करा.

४. सल्लागार नोंदणीकृत असेल, तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर तक्रार करता येते. तिथे समाधान झालं नाही, तर 'स्मार्ट ओडीआर' हा ऑनलाइन तंटा सोडवण्याचा मार्ग आहे. माहितीसाठी सेबीची टोल फ्री हेल्पलाइन १८०० २६६ ७५७५.

५. सल्लागार नोंदणीकृत नसेल, तर जवळच्या पोलिस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि सेबीलाही कळवा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फुकट सिग्नल घेतले तर काय बिघडतं?
फी वाचते, पण उशिराचा फटका, सौद्यांचा खर्च आणि माल गळ्यात मारला जाण्याचा धोका तसाच राहतो. फुकट देणारा कमाई कशी करतो, हे आधी शोधा.

"नफा झाला तरच फी द्या" ही योजना बरी का?
नाही. नोंदणीकृत रिसर्च ॲनालिस्टला नफ्यात वाटा घेता येत नाही, त्यामुळे अशी योजना हीच धोक्याची खूण आहे. शिवाय त्यात नफा झाला तर दोघांचा आणि तोटा झाला तर एकट्या तुमचा, असा हिशोब असतो.

तोटाच झाला, मग आयकराचं काय?
एफ अँड ओचं उत्पन्न किंवा तोटा हा व्यवसायाचा धरला जातो आणि विवरणपत्रात दाखवावा लागतो. वेळेत विवरणपत्र भरलं, तर हा तोटा पुढची आठ वर्षं ओढता येतो. इंट्राडेचा तोटा सट्ट्याचा मानला जातो. तो चार वर्षंच पुढे नेता येतो आणि सट्ट्याच्या नफ्यातूनच वजा होतो.

मग नवख्याने सुरुवात कुठून करावी?
आधी महागडं कर्ज फेडावं, अडीअडचणीसाठी पैसा बाजूला ठेवावा आणि मग इंडेक्स फंडात छोट्या एसआयपीने सुरुवात करावी. सेबीचं 'सारथी' ॲप आणि सेबी व एनआयएसएमची मोफत गुंतवणूकदार परीक्षा, यातून पाया पक्का होतो. ट्रेडिंग शिकायचंच असेल, तर वहीतल्या सौद्यांनी सुरुवात करावी आणि नंतर पूर्ण बुडाली तरी झोप उडणार नाही एवढीच रक्कम लावावी.

ग्रुपची फी भरण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. वर्षाची फी आपल्या भांडवलाच्या किती टक्के होते? या माणसाचं नाव सेबीच्या यादीत आहे का? आणि मेसेज येतो त्या वेळी आपण खरंच मोबाईलसमोर असतो का? तिन्हींची समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत, तर ते पैसे खिशातच राहू द्यावेत.